डागरोसचा कान

राजधानीतल्या इतिहास-संग्रहालयात, दुसऱ्या मजल्यावर, मंदीच्या काळातले आमचे गव्हर्नर ऑर्विल स्टॅथम यांचे फोटो ओळीनं लावलेत. गव्हर्नर भोपळा उचलताना. गव्हर्नर सूप वाटताना, आणि सूप घेणारे वाडग्याकडं न बघता कॅमेऱ्याकडं बघताना. धुळीच्या वादळानंतर गव्हर्नर नांगराला टेकून उभे. नांगर ज्याचा, तो शेतकरी कडेनं कापून टाकलाय, त्याचं फक्त कोपर शिल्लक आहे. फोटोची हौसच दांडगी. टोळधाड आली तेव्हा हा माणूस मेलेल्या टोळांच्या ढिगाशेजारी उभा राहिला आणि हसला.

त्याच ओळीत एक फोटो आमच्या गावचा आहे. गव्हर्नर गोठ्याच्या दाराशी स्टुलावर बसून धार काढतायत. खाली लिहिलंय, 'मातीतला माणूस'. फोटोच्या कडेला दाव्याचं टोक धरलेला एक हात दिसतो. मनगट जाड, कोटाची बाही रविवारची. तो हात रॅग्ना ट्वेट हिचा. मला सांगायचंय ते तिच्याबद्दल. गव्हर्नरांबद्दल सांगायला संग्रहालय आहे.

रॅग्ना विधवा होती. उंच, हाडापेरानं भरलेली, आणि खोटं बोलायला नालायक. एकदा पाद्रीबाबांनी सहज विचारलं, "कसं झालं आजचं प्रवचन?" तर म्हणाली, "लांब." नॉर्वेहून लहानपणी अमेरिकेत आली तेव्हाच हा गुण बोटीत चढताना सोडायला हवा होता, असं गावातल्या बायका म्हणत. गव्हाचं शेत, थोडी जनावरं, आणि हाल्वर हा एकुलता मुलगा, एवढा तिचा संसार.

हाल्वर तुरुंगात होता. त्या हिवाळ्यात आमच्याकडं लोक चुलीत वाळलेलं शेण आणि पेंढ्याच्या वळकट्या घालत होते, आणि रेल्वेच्या सायडिंगला कोळशाचे डबे उभे होते. रात्री कोळसा खाली ढकलणारा हाल्वर एकटाच नव्हता, पण पळताना मागं वळून बघणारा तो एकटा. पाठलागावरचा पहारेकरी बर्फावरून घसरला, त्याचा पाय मोडला, आणि हाल्वर त्याला उचलायला परत गेला. न्यायाधीशांनी तीन वर्षं दिली. तुरुंगात ओल होती. वर्षभरात त्याच्या खोकल्यातून रक्त पडायला लागलं. तिथल्या डॉक्टरांनी रॅग्नाला तोंडावर सांगितलं, "बाई, अजून एक हिवाळा हा इथं काढणार नाही."

शिक्षा माफ करायचा अधिकार राज्यात एकाच माणसाला होता. तो भोपळे उचलत फिरत होता.

ऑक्टोबरात त्याचे लोक आमच्या गावात आले. निवडणूक तोंडावर होती आणि विरोधक सभेसभेतून विचारत होते, की विम्याच्या कचेरीत केस पांढरे झालेला हा माणूस शेतकरी कधी झाला? म्हणून साहेबांना धार काढताना फोटो हवा होता. गाय शांत आणि दिसायला बरी पाहिजे. गावानं एकमुखानं रॅग्नाच्या डागरोसचं नाव दिलं. लाल अंगाची, कपाळावर चांदणी, आणि डाव्या कानाचं टोक वासरूपणी थंडीनं गळून गेलेलं. आमच्याकडं जानेवारीत जन्मलेल्या वासराला दोन्ही कान शाबूत असले तर लोक बघायला येतात.

रॅग्नानं अट घातली नाही. एवढंच म्हणाली, "साहेबांशी मला बोलायचंय. गाईच्या आधी."

साहेब आले. दुकानातली घडीही न मोडलेली नवी ओव्हरऑल घातलेली. सगळा गाव कुंपणाला टेकून उभा. रॅग्नानं पाच-सहा वाक्यांत हाल्वरचं सांगितलं. साहेबांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "आई, मी जातीनं लक्ष घालतो." मग त्यांनी बादली उचलली, स्टूल उचललं, आणि गाईच्या डाव्या बाजूला जाऊन बसले.

आमच्या राज्यात चालायला लागलेल्या पोरालाही कळतं, की धार उजव्या बाजूनं काढायची. डावीकडून गाईजवळ जातो तो कसाई किंवा शाळामास्तर. कुंपणावर कुणी खोकलंसुद्धा नाही. आमच्याकडं पाहुण्याची चूक पाहुणा गेल्यावर काढतात. रॅग्नाचं तोंड उघडलं होतं, ते सगळ्यांनी पाहिलं. ते तिनं मिटलं, हेही पाहिलं. तिच्या ओळखीच्या कुणी असं आधी पाहिलं नव्हतं. डागरोसनं मान वळवून साहेबांकडं बघितलं, कान टवकारले, आणि रॅग्नानं दावं घट्ट धरून तिचं कपाळ खाजवलं. फोटो निघाला. बादलीत थेंब नव्हता.

"काय आई, जमलं की नाही?" साहेब उठत म्हणाले.

"गाय शांत उभी राहिली," रॅग्ना म्हणाली.

आता गंमत अशी झाली, की राजधानीतल्या वर्तमानपत्रात पान लावणाऱ्याला साहेब पानाच्या बाहेर बघताना दिसले. ते त्याला बरं दिसेना. असं असलं की हे लोक फोटोची काच उलटी ठेवून छापतात. डावं ते उजवं. छापून आलं तेव्हा साहेब अगदी रीतसर उजव्या बाजूला बसलेले. राज्यभर शेतकऱ्यांनी माना डोलावल्या. विरोधक गप्प झाले. पण काच उलटली की गाईचाही कान उलटतो. फोटोत डागरोसचा उजवा कान तुटका होता.

गावात हे सगळ्यांना पहिल्या नजरेत दिसलं. आणि आमचा न्हावी एका फिरत्या विक्रेत्याची दाढी करताना पोट धरून हसला आणि का हसला ते सांगून बसला. विक्रेता साबण विकायचा; ही बातमी त्यानं साबणाबरोबर फुकट दिली.

चार दिवसांत रॅग्नाचा फोन वाजला.

आमच्या भागात एका तारेवर सगळी घरं. प्रत्येक घराची घंटा वेगळी, पण वाजते सगळ्यांकडं. दुसऱ्याच्या घंटेला फोन उचलून ऐकणं हे पाप आहे, असं प्रत्येकाचं मत आहे, आणि संध्याकाळी दुसरं करायला काही नसतं, हेही आहे. ऐकणारे वाढले की तारेतला जीव वाटला जातो आणि आवाज बारीक होत जातो. एक्स्चेंजवर थीया बसायची. तिनं "राजधानीचा कॉल आहे गं रॅग्ना" म्हटलं आणि घराघरातून हात पुढं झाले.

बोलत होते साहेबांचे सचिव, लॅथ्रॉप. "बाई, शुक्रवारी विरोधी पक्षाचे वकील कटलर तुमच्याकडं येतायत. बरोबर वर्तमानपत्रवाला, हातात तो फोटो. त्यांना गाईचा कान बघायचाय."

"बघू देत की."

"तुम्हाला कळत नाहीये. कान चुकीचा निघाला, तर साहेब पडतात. समोरच्या उमेदवारानं जाहीर सांगितलंय, एकही कैदी सोडणार नाही. तुमच्या मुलाचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे. साहेबांची सही... तो शुक्रवार... झाला... की..."

"मोठ्यानं बोला."

"मोठ्यानंच बोलतोय!" पण आवाज मुंगीसारखा येत होता.

रॅग्ना म्हणाली, "अहो, थोडे जण ठेवा खाली. माझ्या पोराचं बोलणं चाललंय, मला ऐकू येत नाहीये."

टक, टक, टक. आवाज जरा मोठा झाला. कुणाच्या तरी घरचं घड्याळ मात्र ऐकू येतच राहिलं.

"कोण होतं ते?" लॅथ्रॉप.

"कोणी नाही. आमच्याकडं कोणी कुणाचं ऐकत नाही," मधेच थीया म्हणाली.

"बाई, गाय विकून टाका. लपवा. काहीही करा."

"हे बघा," रॅग्ना म्हणाली, "कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. मला येत नाही ते. तोंड मिटून बसायचं तेवढं त्या दिवशी बसले." आणि तिनं फोन ठेवला. तारेवर बराच वेळ कुणी ठेवला नाही. मग ब्राटेनच्या घरातलं तान्हं रडलं आणि सगळ्यांना एकदम लाज वाटली.

इथं टॉर्गर लीनबद्दल सांगायला हवं. रॅग्नाचा शेजारी, बांधाला बांध. तिच्या नवऱ्याच्या हयातीत कुंपणावरून भांडण झालं, तेव्हापासून दोन्ही घरं बोलत नव्हती. नवरा गेला तेव्हा टॉर्गरनं कबर खणायला हात लावला, पण तोंड उघडलं नाही. रॅग्नाचं फाटक उघडं राहिलं तर तो दुकानदाराला फोन करायचा आणि ओरडायचा, "त्या बाईची गुरं गव्हात शिरतायत असं कुणीतरी तिला सांगा!" पलीकडून रॅग्ना फोन ठेवायची आणि फाटक लावायला जायची. असं त्यांचं अबोला धरणं. त्या संध्याकाळी टॉर्गरच्या घरचं घड्याळ तारेवर सगळ्यात शेवटपर्यंत वाजत होतं.

शुक्रवार उजाडला. रॅग्नानं डागरोसची धार काढली, गोठा झाडला आणि रविवारचा कोट घातला. तिनं ठरवलं होतं: विचारलं तर खरं सांगायचं. हाल्वरचा कोट तिनं पेटीतून काढून हिवाळ्यासाठी वाऱ्यावर टाकला होता. तो तिनं परत आत नेला.

इतक्यात पाद्रीणबाई स्वतः गाडी घेऊन दारात. "चल, कॉफी टाकलीय."

"आज?"

"कॉफीला मुहूर्त लागतो होय गं?"

पाद्रीबाबांच्या स्वयंपाकघरात निम्म्या गावच्या बायका होत्या. गरम लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, त्यावर लोणी, वर साखर. कप रिकामा झाला की कुणीतरी भरायचं. रॅग्ना उठली की कुणीतरी खांदा दाबून बसवायचं. ब्राटेनबाईनं आपल्या पित्ताशयाचं ऑपरेशन सुरुवातीपासून सांगायला घेतलं, टाके येईपर्यंत अर्धी सकाळ गेली.

"मला ठाऊक आहे तुम्ही काय करताय," रॅग्ना म्हणाली. "त्या वकिलापासून मला लपवताय. पण तो थांबेल की."

"थांबू दे. कॉफी घे," पाद्रीणबाई म्हणाली, आणि खिडकीतून रस्त्याकडं बघत राहिली.

तोपर्यंत कटलर दुकानात पोचले होते. करड्या सुटातला, गोड बोलणारा माणूस. त्यांनी फोटो काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "मंडळी, ट्वेटबाईंच्या गाईचा कुठला कान तुटकाय?"

आमचे लोक पिंपाभोवती बसले होते. बऱ्याच वेळानं दुकानदार म्हणाला, "कान का?"

"हो, कान."

"गाईला दोन असतात."

"ते मला ठाऊक आहे. तुटका कुठला?"

"तुम्ही गाईच्या पुढून बघताय की मागून, त्यावर आहे," एक म्हातारा म्हणाला. न्हावी कोपऱ्यात होता. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन दणकट शेतकरी इतके चिकटून बसले होते, की त्याला तोंड उघडायला श्वास पुरत नव्हता.

कटलरांनी फोटो उचलला, बाई कुठं आहेत ते विचारून घेतलं, पाद्रीबाबांच्या दारात गाडीचा भोंगा वाजवला आणि रॅग्नाला अदबीनं मागच्या सीटवर बसवलं. यावेळी तिला कुणी अडवलं नाही. पाद्रीणबाईनं उलट तिच्या कोटाची कॉलर नीट केली.

वाटेत कटलर म्हणाले, "बाई, तुमचं नाव मी ऐकलंय. तुम्ही खोटं बोलत नाही म्हणतात. मला एकच शब्द पुरे. साहेब कुठल्या बाजूला बसले होते?"

"गोठा आला, की गाय बघा," रॅग्ना म्हणाली. शेजारी बसलेल्या वर्तमानपत्रवाल्यानं नंतर सांगितलं, की ती सारखी काहीतरी पुटपुटत होती. त्याला वाटलं प्रार्थना. ती "हाल्वर, हाल्वर" म्हणत होती.

गोठ्याचं दार तिनंच उघडलं. आत अंधुक. डागरोसच्या जागी लाल गाय उभी, कपाळावर चांदणी. गाईनं मान वळवली. उजव्या कानाचं टोक नव्हतं.

रॅग्ना उंबऱ्यातच थांबली. ती लितागो होती, टॉर्गर लीनची. डागरोसची सख्खी बहीण. भांडणाच्या आधी दोन्ही घरांनी एका गाईची वासरं वाटून घेतली होती. शेपटीचा गोंडा वेगळा, डावं शिंग जरा आत वळलेलं. दुसऱ्या कुणाला कळायचं नाही.

कटलरांनी फोटो गाईच्या तोंडाशी धरला. एकदा फोटो, एकदा गाय. चेहरा पडला. पण वकील तो वकील.

"ही तुमचीच गाय?"

बाहेर कुंपणावर टॉर्गर खांब ठोकत होता. हातोडा थांबला.

रॅग्नानं कटलरांकडं बघितलं. "माझ्या गोठ्यात टॉर्गर लीनची गाय कशाला येईल?" ती म्हणाली. "अहो, आमच्यात बोलणंसुद्धा नाही. कुणालाही विचारा."

हातोडा पुन्हा सुरू झाला.

"असं म्हणता," कटलर म्हणाले. मग त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल पायानं पुढं सरकवलं. "मग जरा धार काढून दाखवा. परक्या हाताला गाय पान्हा सोडत नाही म्हणतात. माझे वडील गवळी होते, बाई. मी काही गव्हर्नर नाही."

वर्तमानपत्रवाल्यानं कॅमेरा वर केला. रॅग्नानं कोट काढून खुंटीला टांगला, उजव्या बाजूला बसली आणि कपाळ गाईच्या कुशीला टेकवलं. लितागोनं पाय उचलला. रॅग्ना हलली नाही. पाय खाली आला, बादलीच्या काठाला घासून. तिनं आचळ धरले. काही नाही. पुन्हा. गाय पाठ आखडून उभी होती, कातडी थरथरत होती, आणि बादली कोरडी.

"वेळ लागतोय," कटलर म्हणाले.

"ऑफिसात बसून नाही येत ते," रॅग्ना म्हणाली. आवाज मात्र चिरका आला.

कटलरांनी वर्तमानपत्रवाल्याकडं बघून भुवई उडवली. तेवढ्यात बाहेर टॉर्गरनं शीळ घालायला सुरुवात केली. चर्चमधलंच एक स्तोत्र, तेही बेसूर. हा माणूस रोज संध्याकाळी आपल्या गोठ्यात हेच वाजवायचा. सगळ्या वाडीला त्याचा वैताग होता. लितागोचे कान, शाबूत तो आणि अर्धा, दोन्ही मागं वळले. पाठ सैल झाली. बादलीच्या तळावर दुधाची धार इतक्या जोरात वाजली, की वर्तमानपत्रवाला दचकला.

कटलरांनी बाहेर कान दिला. पलीकडं टॉर्गरच्या गोठ्यातून एक गाय जीव तोडून हंबरत होती.

"ती कोण?"

"टॉर्गरची," रॅग्ना वर न बघता म्हणाली. मग तिनं ओठ घट्ट मिटले. जन्मातलं तिचं हे पहिलं चोख खोटं, आणि तेही नीट वठलं.

गाडी वळणाआड गेल्यावर टॉर्गर डागरोसला घेऊन आला, दावं खुंट्याला बांधलं आणि लितागोला सोडून नेलं. रॅग्नानं दुधाची बादली त्याच्यापुढं धरली. त्यानं ती घेतली. दोघंही बोलले नाहीत. इतक्या वर्षांची सवय.

गव्हर्नर निवडून आले, थोडक्यात. गावानं वाट बघितली. एक आठवडा गेला, दुसरा गेला. पहिलं बर्फ पडलं. लॅथ्रॉपसाहेब कधी बैठकीत, कधी जेवायला. तुरुंगातून निरोप आला, की हाल्वर आता अंथरुणातून उठत नाही. रॅग्ना फोनपुढं खुर्ची टाकून बसायची आणि विचारायची, "थीया, परत लाव गं." थीया लावायची. त्या दिवसांत रॅग्नाला खाताना कुणी पाहिलं नाही.

मग एका दुपारी थीयानं काही न विचारता आपणच राजधानी लावली आणि फोनवर आलेल्या माणसाला म्हणाली, "लॅथ्रॉपसाहेबांना सांगा, ट्वेटबाईंच्या गाईबद्दल काम आहे." लॅथ्रॉप लगेच आले.

"काय झालं गाईला?"

"काही नाही," रॅग्ना म्हणाली. "मी आहे इथं."

"बाई, बोला ना. आवाज का येत नाहीये?"

तारेवर घड्याळं वाजत होती, बरीच. कुत्रं भुंकलं. ब्राटेनचं तान्हं किरकिरलं. कुणीतरी कॉफीचा घोट घेतला. कुणाचा तरी दम्याचा श्वास.

"लाइनवर किती जण आहेत?" लॅथ्रॉपचा आवाज अगदी बारीक झाला होता, आणि तो नुसता तारेमुळं नव्हता. "हॅलो? त्या दिवशीही... होते का हे?"

रॅग्नाच्या कॉलवर पहिल्यांदाच टॉर्गर लीन बोलला. म्हणाला, "आम्ही सगळे नुसते इथं बसलोय, साहेब. बर्फ आहे बाहेर. दुसरं काम नाही."

सही चौथ्या दिवशी झाली.

गाडी सकाळची होती. उघड्या स्टेशनवर वारा कापत होता, तरी फलाटावर गर्दी. प्रत्येकाचं काहीतरी पार्सल यायचं होतं. हाल्वर डब्याच्या पायरीवर दिसला तेव्हा दोघातिघांनी नजर वळवली. अंगात काही उरलं नव्हतं, तुरुंगानं दिलेलं पातळ जाकीट खांद्यावरून घसरत होतं. रॅग्ना पुढं गेली. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मिठी वगैरे आमच्याकडं फलाटावर मारत नाहीत.

"टोपी कुठंय तुझी?" ती म्हणाली.

"हरवली, आई."

"या थंडीत?" तिनं डोक्यावरचा लोकरीचा रुमाल सोडला, त्याच्या कानांवरून घट्ट ओढून हनुवटीखाली गाठ मारली, म्हातारीसारखी. हाल्वर खोकला, मग हसला. गाठ मारून झाली तरी तिनं हात काढला नाही.